अठ्ठेचाळीसचं जळीत आणि दिंडीची ओळ

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात पलूस येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



शंभर वर्षांचा सोहळा म्हटला की जमेची बाजू सांगायची रीत आहे. कोणत्या सालात किती वारकरी निघाले, तंबू कुणी दिला, बैलगाडी जाऊन ट्रक कधी आला, मुक्कामाला कोणत्या गावानं पिठलं-भाकरी घातली. ते सगळं सांगायला दुसरी मंडळी आहेत आणि ती आमच्यापेक्षा चांगलं सांगतील. आम्ही आज वहीचं दुसरं पान उघडणार आहोत. आपली दिंडी ऐन विशीत असताना या मुलखात एक गोष्ट घडली. थोरली माणसं तिला ‘अठ्ठेचाळीसचं जळीत’ म्हणायची. पोरं जवळ आली की आवाज खाली करायची. शंभर वर्षं चाललेल्या दिंडीनं तरी ते पान मोठ्यानं वाचावं, असं आम्हाला वाटतं.

30 जानेवारी 1948, शुक्रवार. संध्याकाळच्या प्रार्थनेला निघालेल्या गांधीजींना दिल्लीत गोळ्या घातल्या गेल्या. मारणारा नथुराम गोडसे पुण्याचा, एका वर्तमानपत्राचा संपादक. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट भरली होती, की हा म्हातारा आपल्या लोकांचा शत्रू आहे. ‘आपले लोक’ या शब्दाचा घेर त्यानं इतका आवळला होता, की त्यात गांधींनाही जागा उरली नाही. रेडिओवर बातमी आली. मारणाऱ्याचं नाव कळलं आणि नावामागून जात कळली. पुढच्या काही दिवसांत पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात ब्राह्मणांची घरं पेटली.

सांगली जिल्हा तेव्हा नव्हताच. आपल्या या भागात सातारा जिल्ह्याची गावं आणि औंध, सांगली अशा संस्थानांची गावं एकमेकांत मिसळलेली होती. गावोगाव दोन-चार घरं ब्राह्मणांची. कुणी कुळकर्णी, कुणी मास्तर, कुणी भिक्षुक, कुणी नुसताच गरीब. त्यांची घरं पेटली आणि पुष्कळ कुटुंबं रातोरात गाव सोडून शहरात गेली, ती परत आलीच नाहीत. गावातली त्यांची जमीन पुढं विकली गेली, आणि वाड्यांच्या जागी नुसते चौथरे उरले.

इथून जवळच किर्लोस्करवाडी आहे. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावहून तिथं आले. औंधच्या राजेसाहेबांनी जागा दिली. माळरान होतं, निवडुंग आणि साप. तिथं लोखंडी नांगर तयार झाला. लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी आधी त्याला हात लावत नव्हते, आणि नंतर त्याच नांगरानं महाराष्ट्राची जमीन नांगरली. वाडीत लक्ष्मणरावांनी शिवाशीव चालू दिली नाही. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना, ज्यांना दुसरं कुणी दारात उभं करत नव्हतं, त्यांनी पहाऱ्याला ठेवलं. ती किर्लोस्करवाडी गांधीहत्येनंतरच्या त्या दिवसांत जमावानं पेटवली. कारखान्याचं मोठं नुकसान झालं. त्या कारखान्यावर काय एकट्या ब्राह्मणांचंच पोट होतं? आसपासच्या गावांतल्या सगळ्या जातींच्या चुली त्यावर पेटत होत्या. पण जमावाला नांगर दिसला नाही, पहारेकरी दिसला नाही, पगार दिसला नाही. मालकाची जात तेवढी दिसली.

कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळला गेला. मराठ्यांच्या इतिहासावर चित्रपट काढणारा माणूस तो. तिथंही हेच झालं.

आता मंडळी, एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. या जळिताच्या आधी नऊ महिने, मे 1947 मध्ये, साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले होते. विठ्ठलाचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून. 1 मेला बसले, 10 मेला उपोषण सुटलं आणि दार उघडलं. चोखोबांची समाधी महाद्वाराच्या बाहेर, आणि त्यांच्या माणसांना आत जायला सहाशे वर्षं लागली. ते दार उघडावं म्हणून ज्यानं आपला जीव पणाला लावला, तो माणूस जन्मानं ब्राह्मण होता. आणि गोडसेही जन्मानं ब्राह्मण. एकाच नावाखाली दोघं. गांधीजी गेल्यावर गुरुजींनी 21 दिवसांचं उपोषण केलं, तेव्हा तो राग त्यांनी दुसऱ्या कुणाच्या दारात नेऊन टाकला नाही, आपल्याच देहावर घेतला. जळिताच्या वेळी जमावाच्या हातात जी यादी होती, तिच्यात गोडसे आणि गुरुजी यांच्यात फरक करणारा रकाना नव्हता. आमच्या मते सगळा घात इथं होतो. माणसाची पाच-पन्नास नावं पुसून त्याला एकच नाव उरवायचं, आणि मग त्या नावाला आग लावायची.

तुम्ही म्हणाल, ब्राह्मणांविषयी राग उगीच होता काय? नव्हता. तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर आमचं बोलणं अर्धवट राहील. सावकारी होती, कुळांची पिळवणूक होती, विहिरीवरचा आणि देवळातला भेद होता. जोतीराव फुल्यांचं सत्यशोधकी काम सातारा जिल्ह्यात रुजलं ते काही हवेत रुजलं नाही. 1920 च्या आसपास याच जिल्ह्यात कुळांनी ब्राह्मण जमीनदार-सावकारांविरुद्ध उठाव केला होता. दुःख खरं होतं. पण खऱ्या दुःखाचं उत्तर कायद्यानं, शाळेनं, संघटनेनं द्यायचं असतं, आणि त्या वाटा आपल्या माणसांनी दिलेल्याही होत्या. घर जाळून कुणाची कुळवहिवाट लागली नाही. उलट जे खरे जाच करणारे होते त्यांच्याबरोबर गावचा गरीब मास्तरही जळाला. दुकानदार एकाची उधारी दुसऱ्याच्या खात्यावर मांडायला लागला तर आपण वही फेकून देऊ. एका माणसाच्या पापाची उधारी आपण अख्ख्या आळीच्या खात्यावर मांडतो, तेव्हा मात्र कुणी ‘वही दाखव’ म्हणत नाही.

आणखी एका गोष्टीनं आम्ही फार अस्वस्थ होतो. जळिताच्या आधी दोन वर्षांपर्यंत हाच मुलूख क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा होता. 1943 पासून 1946 पर्यंत कुंडलच्या परिसरात जी. डी. बापू लाडांची तुफान सेना उभी राहिली. 7 जून 1943 ला शेणोलीजवळ सरकारी पगाराची गाडी लुटली गेली. भूमिगतांना घरात लपवायचं, भाकरी पोचवायची, पोलिसांनी चाबूक ओढला तरी नाव सांगायचं नाही, हे या गावांनी केलं. सगळ्या जातींच्या घरांनी केलं, आणि औंधच्या ब्राह्मण राजानंही त्यांच्याकडे डोळेझाक केली. मग ज्या गावांनी इंग्रजांपुढं शेजाऱ्याचं नाव उच्चारलं नाही, त्याच गावांत दोन वर्षांनी शेजाऱ्याच्या नावावर बोट कसं ठेवलं गेलं?

आम्हाला उत्तर एवढंच सापडतं. तेव्हा ‘आपण’ म्हणजे कोण, याचा घेर मोठा होता. इंग्रज सोडून सगळे आपण. तो घेर एका रात्रीत आक्रसला. माणसं तीच, अंगणं तीच, विहीर तीच. घेर तेवढा लहान झाला आणि शेजारी बाहेर पडला. बाहेर पडलेल्याला मारायला मग फार धैर्य लागत नाही. अर्थात सगळेच तसे नव्हते. गावागावांत शेजाऱ्यांनी या कुटुंबांना आपल्या घरात लपवलं, रात्री गाडी जुंपून स्टेशनला पोचवलं. व्यंकटेश माडगूळकर आपल्याच जिल्ह्यातल्या माडगुळ्याचे. त्यांची ‘वावटळ’ ही कादंबरी याच दिवसांवर आहे. ज्यांना वाचता येतं त्यांनी ती वाचावी, ज्यांना येत नाही त्यांनी नातवाकडून वाचून घ्यावी.

आपल्या कीर्तनात नरहरी सोनारांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ते शिवभक्त, विठ्ठलाचं तोंडही पाहायचं नाही असा त्यांचा नेम. विठ्ठलाच्या करगोट्याचं माप घ्यायचं आलं, तर डोळ्यांना पट्टी बांधून देवळात गेले. हात लावावा तर व्याघ्रांबर, जटा, गळ्यात सर्प. पट्टी काढावी तर समोर विठ्ठल. पट्टी बांधावी तर पुन्हा शिव. कथा ऐकून आपण हसतो, टाळ्या वाजवतो. पण एक बारकावा सुटतो. हातांना खरं कळत होतं. फसवत होती ती डोळ्यांवरची पट्टी, आणि ती देवानं बांधली नव्हती. त्यांची त्यांनीच बांधली होती, आपल्या भक्तीच्या अभिमानानं. शिवाची भक्ती वाईट नव्हती. ‘माझाच तेवढा देव’ ही पट्टी वाईट होती. आपण मराठा असू, माळी असू, धनगर, महार, लिंगायत, जैन, मुसलमान, ब्राह्मण असू. असण्यात काही पाप नाही. त्याची पट्टी करून डोळ्यांवर बांधली की हात कुठं पडतो ते कळत नाही.

कुणी म्हणेल, हे जुनं झालं. जुनं कुठं झालंय? सप्टेंबर 2009 मध्ये मिरजेत गणेशोत्सवातल्या एका कमानीवरच्या अफझलखान वधाच्या चित्रावरून दंगल पेटली. सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत लोण गेलं. संचारबंदी लागली, गणपतींचं विसर्जन खोळंबलं. ज्या मिरजेत हे झालं ती मिरज कोणती? मीरासाहेबांच्या दर्ग्याची. अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर जिथं आहे आणि जिथं दर वर्षी हिंदू-मुसलमान दोघंही गाण्याला बसतात, ती मिरज. तंबोरे-सतारी करणाऱ्या शिकलगारांची मिरज. शिकलगार म्हणजे मूळचे तलवारीला धार लावणारे. तलवारींचं काम संपलं, तेव्हा त्याच हातांनी भोपळ्याला तारा चढवल्या. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. दिंडीत विणेकऱ्याच्या गळ्यात वीणा असते, तिच्या पाया पडल्याशिवाय आपण चालत नाही. ती वीणा मिरजेच्या बाजारातून येते, तेव्हा तिला कुणाचे हात लागलेले असतात, हे एकदा मनाशी आठवावं.

10 सप्टेंबर 2023 ला खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या आक्षेपार्ह मजकुरावरून जमाव मशिदीवर चालून गेला. एका तरुणाचा जीव गेला, कित्येक जखमी झाले, घरं-दुकानं जळाली. सातारा जिल्ह्यात इंटरनेट बंद ठेवावं लागलं. आपल्याकडून पुसेसावळीला जाताना वाटेवर कडेगाव लागतं. त्या कडेगावात मोहरमला गगनचुंबी ताबूत निघतात, त्यांत हिंदूंच्या मानाचेही ताबूत असतात, खांदा सगळे देतात. एकाच वाटेवर, काही कोसांच्या अंतरानं, ताबुताला खांदा देणारं गावही आहे आणि मशिदीवर जमाव गेलेलं गावही आहे. पाणी एक, माती एक, बोली एक. मग फरक कशात पडला? एका गावात मानपानाची, एकमेकांच्या सणाला हात लावण्याची सवय पिढ्यान् पिढ्या सांभाळली गेली. दुसऱ्या गावात त्या एका रात्री मोबाईल त्या सवयीवर भारी पडला.

1948 ला रेडिओ होता, आता मोबाईल आहे. आफ्रिकेत रवांडा नावाचा लहानसा देश आहे. तिथं 1994 साली सुमारे शंभर दिवसांत लाखो माणसं मारली गेली. मारणारे बहुतेक शेजारी होते. बोली एक, बऱ्याच जणांचं चर्चही एक. पण गोऱ्या राज्यकर्त्यांनी प्रत्येकाच्या ओळखपत्रावर त्याचा गट छापून ठेवला होता आणि रेडिओ दिवस-रात्र एका गटाला ‘झुरळं’ म्हणत होता. माणसाला झुरळ म्हटलं की पायाखाली चिरडायला हात कचरत नाही. आपल्याकडे कुणी कुणाला काय म्हणतो ते आपापल्या गावच्या ग्रुपवर एकदा वाचून पाहा, मग रवांडा फार लांब वाटणार नाही.

2019 च्या महापुरात आपल्या कृष्णाकाठानं एकमेकांना धरून ठेवलं. ब्रह्मनाळला बोट उलटली, त्या दुःखात अख्खा तालुका एक झाला. त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण पुरात एक होणं त्या मानानं सोपं असतं. पाण्याला जात नसते, त्याच्यावर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं. अफवेवर मात्र नाव लिहूनच येतं. खरी परीक्षा तिथं आहे.

आता आपल्या घरचं. वारी म्हणजे सगळे सारखे, असं आपण सांगतो आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे. वाटेत भेटला की लहान-थोर न पाहता एकमेकांच्या पाया पडण्याची रीत दुसरीकडे कुठं आहे? नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावता माळी, सेना न्हावी, चोखोबा, जनाबाई, कान्होपात्रा आणि श्रीगोंद्याचे शेख महंमद, इतक्या नावांचा मेळा दुसऱ्या कोणत्या पंथानं जमवला? पण इरावतीबाई कर्वे वारीत चालल्या आणि त्यांनी लिहून ठेवलं, की एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे भजन एकत्र म्हणत, आणि जेवायला मात्र वेगवेगळे बसत. भजनात घेर मोठा आणि पंगतीत लहान. आज पंगती पुष्कळ एक झाल्या आहेत. तरीही ‘आमची दिंडी, आमचा मान, आमचा नंबर’ यावरून पालखी मार्गावर आवाज चढतातच. ‘वारकरी’ हे नावसुद्धा पट्टी होऊ शकतं. खांद्यावरची पताका कुणाला वाट दाखवण्यासाठी असते. ती कुणाच्या अंगावर धावून जाण्यासाठी कुणी मागायला आला, तर द्यायची नाही.

दिंडीची ओळ बघा कशी असते. पुढं पताकावाले, मग टाळकरी, मध्ये विणेकरी, मागं तुळशीवाल्या. ओळीत उभं राहिल्यावर कुणाचं नाव पुसलं जात नाही. सुतार सुतार राहतो, मास्तर मास्तर राहतो, सासू सासूच राहते. फक्त त्या नावाला आजूबाजूला पन्नास नावांची सोबत मिळते. जमावात याच्या उलट होतं. जमाव समोरच्याचं नाव पुसतो, आणि आत शिरलेल्याचंही पुसतो. जळिताला गेलेला माणूस त्या रात्री कुणाचा बाप नव्हता, कुणाचा गडी नव्हता, कुणाचा विद्यार्थी नव्हता. ज्या मास्तरानं हातात पाटी दिली त्याच्याच दारात तो टेंभा घेऊन उभा होता.

म्हणून दिंडीच्या दुसऱ्या शंभर वर्षांसाठी आम्ही तीन गोष्टी मांडतो. पटल्या तर माळेच्या नेमासारख्या धरा.

पहिली. रात्री मोबाईलवर कुणाच्या देवाची, महापुरुषाची, बाई-माणसाची विटंबना झाल्याचा मजकूर आला, तर सकाळचा काकडा होईपर्यंत तो पुढं पाठवायचा नाही. काकडा झाला की ज्यांच्याविषयी तो मजकूर आहे, त्यांच्याच आळीतल्या ओळखीच्या माणसाला आधी विचारायचं. बाकीच्यांशी त्यानंतर.

दुसरी. आपल्यातल्या कुणी पाप केलं तर ‘आपला आहे’ म्हणून झाकायचं नाही. दुसऱ्यातल्या कुणी केलं तर ‘ते सगळे तसलेच’ म्हणायचं नाही. ज्याची उधारी त्याच्या खात्यावर. पोलीस आहेत, कोर्ट आहे. ती त्यांची कामं त्यांना करू द्यायची.

तिसरी अवघड आहे. गावात गर्दी जमायला लागली, तर माळकऱ्यांनी दार लावून घरात बसायचं नाही. दहाजणांनी टाळ घेऊन ज्याच्या दारावर गर्दी निघाली आहे, त्याच्या उंबऱ्याशी जाऊन बसायचं. टाळानं दगड अडत नाही, हे आम्हालाही कळतं. पण गर्दी सुरुवातीला पन्नास-शंभर पोरांचीच असते, आणि त्यांतली निम्मी आपल्याला नावानिशी माहीत असतात. कुणाच्या बारशाला आपण जेवलेलो असतो, कुणाला खांद्यावर बसवून रिंगण दाखवलेलं असतं. त्या पोराला मोठ्यानं नाव घेऊन हाक मारायची, बापाच्या नावासकट, आजाच्या नावासकट. ‘अरे, तू अमक्याचा नातू ना? इकडं ये, टाळ धर.’ गर्दीतल्या एकाला त्याचं नाव परत मिळालं की गर्दी एकानं कमी होते. दहाजणांना मिळालं की गर्दीची पोरं होतात, आणि पोरं घरी जातात.

सगळीकडे हे साधेलच असं आम्ही सांगत नाही. पण 1948 साली ज्या ज्या घरांनी शेजाऱ्याला आसरा दिला, त्यांनीही आधी खात्री मागितली नव्हती. त्यांना शेजाऱ्याचं नाव माहीत होतं, तेवढं पुरलं.

रामकृष्णहरी.